घरगुती खेळयंत्राची दांडी व कळा : निवडीचे तत्त्व

१. प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, सह्याद्रीच्या माथ्यालगत मावळ तालुका पसरलेला आहे. त्यातील लोणावळा हे थंड हवेचे ठिकाण म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहे. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक गावांप्रमाणे येथील बाजारातही ‘व्हिडिओ गेम पार्लर’ नावाचा एक प्रकार नांदत होता. अंधाऱ्या गाळ्यात चारदोन उभ्या पेट्या, प्रत्येकीत एक पडदा, पडद्याखाली एक दांडी व काही कळा, आणि भोवती आपली पाळी येण्याची वाट पाहणारी मुले, असे त्याचे स्वरूप असे. घरोघरी संगणक व पुढे भ्रमणध्वनी आल्यावर हे गाळे बंद पडले. परंतु त्या पेट्यांपुढे उभी राहिलेली मुले आता चाळिशीत आहेत, आणि त्यांपैकी काहींना तशी पेटी आपल्या घरी असावी असे वाटू लागले आहे. जुन्या खेळांच्या आज्ञावली आजच्या संगणकावर चालविणाऱ्या ‘मेम’सारख्या अनुकारक आज्ञावली १९९७ पासून उपलब्ध असल्यामुळे हे काम आता अवघड राहिलेले नाही. सुताराकडून पेटी करून घेता येते, पडदा व संगणक विकत मिळतात. अडते ते एकाच ठिकाणी. दांडी कोणती घ्यावी आणि कळा कोणत्या घ्याव्या?

ह्या प्रश्नास सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर असे की, परवडेल तितकी महाग वस्तू घ्यावी, अधिकात अधिक दिशा दाखविणारी दांडी घ्यावी आणि फळीवर मावतील तितक्या कळा बसवाव्या. हे उत्तर चुकीचे आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. दांडी व कळा ह्या खेळणाऱ्याचा अभिप्राय यंत्रास कळविणाऱ्या चिन्हव्यवस्थेचे घटक होत; आणि चिन्हव्यवस्थेतील घटकाची योग्यता त्याच्या समृद्धीवरून ठरत नाही, तर त्या व्यवस्थेस कोणते भेद आवश्यक आहेत ह्यावरून ठरते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास हे तत्त्व नवे नाही. ते येथे कसे लागू पडते, आणि न पाळल्यास काय बिघडते, हे क्रमाने पाहू.

२. संज्ञांविषयी

‘जॉयस्टिक’ हा शब्द मूळचा वैमानिकांच्या बोलीतला. विसाव्या शतकाच्या आरंभी विमान वळविण्याच्या दांड्यास उद्देशून तो रूढ झाला आणि पुढे खेळयंत्रांकडे आला. ह्या लेखात त्यासाठी ‘दांडी’ हा शब्द योजिला आहे. बोटाने दाबावयाच्या गुंडीस ‘कळ’ म्हटले आहे. ‘कळ दाबणे’ हा प्रयोग मराठीत रुळलेला आहेच. दांडीच्या किंवा कळेच्या पोटात असलेला, विद्युत्‌प्रवाह जोडणारा व तोडणारा जो भाग, त्यास ‘खटका’ हा शब्द अर्थाने व ध्वनीनेही चपखल बसतो. दांडीची हालचाल मर्यादित करणारी जी पट्टी तिच्या बुडाशी असते तीस ‘चौकट’ म्हणू. संपूर्ण लाकडी सांगाड्यास मुले ‘मशीन’ म्हणत. येथे ‘पेटी’ म्हटले आहे.

३. दांडीची रचना

हात हलतो तो अखंडपणे. दांडी मध्यापासून उजवीकडे नेताना तिच्या असंख्य अवस्था होतात. खेळयंत्राच्या दांडीस मात्र त्यांतील फारच थोड्या ठाऊक असतात. दांडीच्या बुडाशी चार बाजूंना चार खटके असतात. दांडी उजवीकडे कलली की तिचे खालचे टोक एका खटक्यावर दाबले जाते. वर कलली की दुसऱ्यावर. खटका एक तर जोडलेला असतो किंवा तुटलेला. मधली अवस्था नाही. बोरघाटात गाड्यांचे नियमन करणाऱ्या सांधेवाल्याचे उदाहरण घेतले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. उतरणीवरून येणारी गाडी अनावर झाल्यास तिला चढावर नेऊन थोपविणारे रूळ घाटात टाकलेले आहेत. सांधा एक तर त्या रुळाकडे असतो किंवा मुख्य मार्गाकडे. तो अर्धवट राहणे म्हणजे अपघात. ओढणाऱ्याने किती जोर लावला ह्याचा सांध्याशी संबंध नसतो.

आता आठ दिशांचा प्रश्न. बाजारात ‘आठ दिशांची’ म्हणून मिळणाऱ्या दांडीत आठ खटके असतील असे कोणासही वाटेल. पण तिच्यातही खटके चारच असतात. दांडी तिरपी, म्हणजे उजवीकडे व खाली अशी एकाच वेळी कलली की दोन लगतचे खटके एकदम जोडले जातात, आणि त्या जोडीचा अर्थ यंत्र ‘तिरपी दिशा’ असा लावते. तिरपी दिशा हे स्वतंत्र चिन्ह नव्हे. दोन चिन्हांच्या संयोगाने सिद्ध होणारे ते जोडाक्षर आहे. ह्यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आठ दिशांच्या दांडीचा खरा कस सरळ दिशांत लागत नाही, तिरप्या दिशांत लागतो. दोन खटके जितक्या सहजपणे व जितक्या विस्तृत कोनात एकदम जोडले जातील तितकी तिरपी दिशा सुलभ. परंतु तितकीच सरळ दिशा आकुंचित. एकीला दिलेली जागा दुसरीतून वजा होते. निवडीचा सारा प्रश्न ह्या देवघेवीतून उद्भवतो.

४. चार दिशा की आठ

१९८० साली जपानमधील नाम्को ह्या संस्थेने काढलेल्या ‘पॅकमॅन’ ह्या खेळाचा विचार करू. त्यात एक पिवळी आकृती बोळांतून धावते, आणि बोळ सारे काटकोनात आहेत. तिला चारच दिशा ठाऊक आहेत. मूळ यंत्रावर चार दिशांची एक दांडी होती. खेळताना दाबावयाची कळ एकही नव्हती. चतुर खेळाडू वळण येण्यापूर्वी किंचित आधीच दांडी वळवून ठेवतो. त्यामुळे आकृती कोपरा कापून जाते आणि मागे लागलेल्या भुतांपासून तिचे अंतर वाढते. सगळे कौशल्य ह्या क्षणात साठवलेले आहे.

हाच खेळ आठ दिशांच्या दांडीवर खेळून पाहावा. ‘उजवीकडून वर’ जाताना दांडी वाटेत तिरप्या जागेतून जाते आणि दोन खटके एकदम जोडले जातात. खेळाच्या आज्ञावलीस तिरपी दिशा माहीतच नसल्याने त्या दोहोंपैकी कोणता निरोप स्वीकारला जाईल हे तपासणीच्या क्रमावर अवलंबून राहते. खेळणाऱ्याने वर जाण्याची इच्छा केली, हात बरोबर हलला, आणि तरीही आकृती सरळ पुढे निघून गेली, असे वारंवार घडते. दोष हाताचा नाही, आज्ञावलीचाही नाही. दांडीने असा एक भेद निर्माण केला की जो समोरच्या व्यवस्थेत अस्तित्वात नाही.

मराठीच्या लेखनात ह्याचे एक जवळचे उदाहरण आहे. इकार व उकार ह्यांतील ह्रस्व-दीर्घ भेद आपल्या लिपीत आहे. प्रत्यक्ष बोलण्यात मात्र बहुसंख्य मराठी भाषक त्या भेदाने अर्थ वेगळा करीत नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द बोलताना संदर्भानेच ओळखावे लागतात. परिणामी, शुद्धलेखनातील चुकांचा मोठा भाग ह्या एका जागी एकवटलेला दिसतो. उलटपक्षी ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जिवंत राहा’ ह्या दोन शब्दांतील ज-कारांचा उच्चारभेद अर्थभेदक असूनही लिपी तो दाखवीत नाही. तेथे वाचकाची अडचण होते. जेथे भेद नको तेथे तो असणे आणि जेथे हवा तेथे नसणे, हे दोन्ही दोषच होत. चार दिशांच्या खेळास आठ दिशांची दांडी हा पहिल्या जातीचा दोष. आठ दिशांच्या खेळास चार दिशांची दांडी हा दुसऱ्या जातीचा.

दुसऱ्या जातीचे उदाहरण म्हणून १९९१ साली कॅपकॉम ह्या जपानी संस्थेने काढलेला ‘स्ट्रीट फायटर २’ घेता येईल. त्यात अग्निगोल फेकावयाचा तर दांडी खाली, तेथून खाली-पुढे आणि तेथून पुढे अशी अखंड वळवून ठोशाची कळ दाबावी लागते. मधली तिरपी अवस्था यंत्रास मिळाली नाही, तर पहिल्या व तिसऱ्या अवस्थेस काही अर्थ उरत नाही. केवळ एक साधा ठोसा बसतो. चार दिशांच्या दांडीवर ही मधली अवस्था कधीच मिळत नाही. म्हणजे तो खेळ तेथे अवघड होतो असे नव्हे, अशक्य होतो.

आपल्याकडील पार्लरमध्ये अत्यंत लोकप्रिय असलेला एक खेळ १९९३ सालचा, कॅपकॉमचाच. त्याचे अधिकृत नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे नाव भारतात फारच थोड्यांना ठाऊक होते. खेळातील चार नायकांपैकी एकाचे नाव मुस्तफा. सारा खेळ त्याच्याच नावाने ओळखला जाई. ‘मुस्तफा लावलाय का?’ असे मुले विचारीत. अवयवाच्या नावाने अवयवीचा बोध होण्याचे हे चांगले उदाहरण आहे. ह्या खेळात दांडी पुढे, क्षणभर मध्यावर, आणि पुन्हा पुढे अशी झटकली की नायक धावू लागतो. येथे चिन्ह आहे ते दोनदा पुढे जाण्याचे. पण त्या दोहोंना वेगळे करणारे जे मध्यावर येणे, ते नसेल तर दोन ‘पुढे’ मिळून एकच ठरतात. कोणताही खटका जोडलेला नसणे हेही एक चिन्ह आहे. व्याकरणात लोपाचे जे स्थान, तेच दांडीच्या मध्यावस्थेचे. म्हणून दांडी सोडल्यावर ती किती चटकन व नेमकेपणाने मध्यावर परतते, हे तिच्या स्प्रिंगवरून तपासून घ्यावे. स्प्रिंग ढिली असेल तर दांडी मध्य ओलांडून पलीकडचा खटका क्षणभर जोडते आणि नायक धावण्याऐवजी मागे तोंड फिरवतो.

ह्याखेरीज काही खेळांची व्यवस्था आणखी वेगळी असते. ‘गॅलागा’ (१९८१) ह्यास डावी व उजवी ह्या दोनच दिशा पुरतात. ‘क्यूबर्ट’ (१९८२) ह्यास चार दिशा लागतात, परंतु त्या चारही तिरप्या; म्हणून मूळ यंत्रात चार दिशांची दांडी पंचेचाळीस अंशांनी फिरवून बसविलेली होती. ‘रोबोट्रॉन २०८४’ (१९८२) ह्यास दोन दांड्या लागतात, एक चालण्यासाठी व एक नेम धरण्यासाठी. ‘मार्बल मॅडनेस’ (१९८४) मधील चेंडू आणि ‘अर्कनॉइड’ (१९८६) मधील फिरती गुंडी ही साधने तर अखंड हालचाल अखंडपणेच यंत्रास कळवितात. त्यांची जागा कोणतीही दांडी घेऊ शकत नाही. असे खेळ हवे असतील तर ते साधन निराळे बसवावे, किंवा ते खेळ सोडून द्यावे.

५. चौकट व मूठ

दांडीच्या बुडाशी असलेल्या चौकटीचा आकार तिच्या टोकास कोठवर जाता येईल हे ठरवितो. चौरस चौकटीचे कोपरे तिरप्या दिशांवर येतात. दांडी कडेने सरकवली की ती आपोआप कोपऱ्यात जाऊन टेकते. लढाईच्या खेळांत खाली-मागे असे दाबून धरून बचाव करावा लागतो, तेथे ह्या कोपऱ्याचा आधार होतो. अष्टकोनी चौकटीत आठही दिशांना खोबण जाणवते. नवशिक्यास ती सोयीची वाटते, परंतु गोलाकार फिरविताना प्रत्येक खोबणीत किंचित अडखळल्यासारखे होते. वर्तुळाकार चौकटीत कोणतीच खूण नसते. तेथे दिशा हाताच्या स्मरणावर सोडलेली असते. कोरियात प्रचलित असलेल्या दांड्यांत स्प्रिंगऐवजी रबराचे कडे व वर्तुळाकार चौकट असते, आणि ‘टेक्केन’ ह्या खेळाचे अनेक निष्णात खेळाडू तीच पसंत करतात. चौरस चौकट पंचेचाळीस अंशांनी फिरवून बसविली की कोपरे सरळ दिशांवर येतात आणि तिरप्या दिशांची वाट बंद होते. आठ दिशांची दांडी अशा रीतीने चार दिशांची करता येते. ही सोय असलेली दांडी मिश्र पेटीसाठी निवडावी.

मुठीचे दोन प्रकार आहेत. जपानी धाटणीची दांडी आखूड, हलकी व माथ्यावर सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा गोळा असलेली. ती बोटांच्या चिमटीत किंवा तळव्यात धरून मनगटाने फिरवितात. अमेरिकी धाटणीची दांडी लांबट, वर फुगीर व जड स्प्रिंगची. ती मुठीत धरून कोपरापासून हलवितात. भारतातील पार्लरमध्ये दोन्ही धाटणीच्या व त्यांच्या स्वस्त अनुकरणाच्या दांड्या होत्या. येथे श्रेष्ठकनिष्ठ असा भेद करण्याचे कारण नाही. हाताने लहानपणी जी पकड आत्मसात केली तीच त्यास स्वाभाविक वाटते.

६. कळांची संख्या व मांडणी

कळांची संख्या खेळागणिक बदलते. ‘अॅस्टरॉइड्स’ (१९७९) ह्या खेळास दांडी नव्हतीच. पाच कळांवर सर्व काम चाले. मुस्तफास दोन कळा, एक प्रहाराची व एक उडीची. ‘टेक्केन ३’ (१९९७) ह्यास चार, ‘स्ट्रीट फायटर २’ ह्यास सहा. १९८५ साली जपानमध्ये ठरलेल्या ‘जामा’ नावाच्या छप्पन्न टोकांच्या जोडणी-प्रमाणात प्रत्येक खेळाडूस एक दांडी व तीन कळा गृहीत धरल्या होत्या. सहा कळांच्या खेळास उरलेल्या तीन कळांसाठी वेगळ्या तारा ओढाव्या लागत.

संख्येपेक्षा मांडणीचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. ‘स्ट्रीट फायटर २’च्या सहा कळा दोन ओळींत असतात. वरची ओळ ठोशांची, खालची लाथांची. डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम व जोरदार असा क्रम. दोन ओळी आणि तीन स्तंभ ह्यांच्या छेदातून प्रत्येक कळेचा अर्थ निष्पन्न होतो. सहा अर्थ वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत. ‘टेक्केन’मध्ये चार कळा चार अवयवांच्या आहेत: वर डावा व उजवा हात, खाली डावा व उजवा पाय. आपल्या वर्णमालेतील स्पर्शव्यंजनांची रचना हीच आहे. ओळीवरून उच्चारस्थान आणि स्तंभावरून घोषत्व व प्राणत्व कळते. म्हणून लहान मूल पाच वर्ग सहज शिकते. फळीवर कळा शोभेसाठी वर्तुळात किंवा कमानीत मांडल्या तर ही संगती मोडते, आणि खेळणारा प्रत्येक कळ डोळ्यांनी शोधू लागतो. बोटांच्या लांबीनुसार ओळीस किंचित वाक द्यावा. ओळ व स्तंभ मात्र मोडू नयेत.

आणखी एक गोष्ट. मुस्तफाच्या खेळात प्रहार व उडी ह्या दोन्ही कळा एकदम दाबल्या की नायक भोवतालच्या सर्व शत्रूंना झोडपणारी एक विशेष चाल करतो आणि तिच्या मोबदल्यात त्याची थोडी शक्ती खर्च होते. म्हणजे कळा दोन असल्या तरी चिन्हे तीन आहेत. ह्या दोन कळा इतक्या जवळ हव्या की दोन बोटांनी एकाच क्षणी दाबता येतील, आणि इतक्या दूर हव्या की एक दाबताना दुसरी चुकून दाबली जाऊ नये. फळीवर छिद्रे पाडण्यापूर्वी जाड पुठ्ठ्यावर मांडणी करून, त्यावर आठवडाभर हात ठेवून पाहावा. पुठ्ठा टाकून देता येतो. फळीतील छिद्र बुजविता येत नाही.

मापांविषयी थोडे. जपानी धाटणीच्या खेळावयाच्या कळेस ३० मिलिमीटरचे व ‘प्रारंभ’ कळेस २४ मिलिमीटरचे छिद्र लागते. अमेरिकी धाटणीच्या कळेस सुमारे २८ मिलिमीटरचे. जपानी कळा बहुधा चिमट्याने पातळ पत्र्यात अडकविण्याजोग्या असतात. सुताराने अठरा मिलिमीटरची लाकडी फळी केलेली असेल तर त्या बसत नाहीत. तेथे लांब मानेच्या, मागून चाकीने आवळावयाच्या कळा घ्याव्या, किंवा फळी मागून कोरून पातळ करावी. कळा आधी विकत घेऊन छिद्रे मागाहून पाडणे, हाच क्रम योग्य.

७. खटका आणि लोणावळ्याची हवा

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही गावास लागू आहे. खटक्याच्या निवडीत मात्र स्थानाचा संबंध येतो. मावळात आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी खोऱ्यांची विभागणी आहे, आणि पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. लोणावळा घाटमाथ्यावर असल्याने तेथे वर्षाला साधारणपणे चार हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. त्या काळात ढग घरात शिरतात, भिंती पाझरतात, कपाटातील पुस्तकांवर बुरशी येते. त्यातच येथील पुष्कळशी घरे सुट्टीपुरती उघडली जातात. पेटी महिनोन्‌महिने बंद खोलीत ओलाव्यात उभी राहते.

जुन्या यंत्रांत पानासारख्या दोन धातूच्या पट्ट्यांचा खटका असे. तो निःशब्द असतो, आणि पट्टी वाकवून त्याची संवेदनशीलता कमीअधिक करता येते. परंतु त्याचे तोंड उघडे. धूळ व ओलावा थेट सांध्यावर बसतो. नंतरच्या काळातील सूक्ष्म खटका प्लॅस्टिकच्या डबीत असतो आणि दाबल्यावर स्पष्ट ‘टक्’ असा आवाज करतो. तो अधिक संरक्षित असल्याने घाटमाथ्यावर तोच घ्यावा, असे म्हणावेसे वाटते. पण एवढ्याने भागत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या लोणावळ्यातील घरी केलेल्या पेटीत पहिल्याच पावसाळ्यानंतर उडीची कळ पाचातून दोनदा मुकी राहू लागली. खटका दाबताना आवाज येई, बोटास स्पर्श जाणवे, पण निरोप पोहोचत नसे. साफ केल्यावर काही आठवडे ती चाले आणि पुन्हा मुकी होई. कारण शोधता ते असे आढळले की, सामान्य सूक्ष्म खटक्यावर तीन अॅम्पियर, अडीचशे व्होल्ट असे जे मोठे आकडे छापलेले असतात ते गुणवत्तेचे द्योतक समजून तोच घेतला होता. अशा खटक्याच्या सांध्यास चांदीचा मुलामा असतो. चांदीवर काळपट थर चढतो. मोठा प्रवाह वाहत असेल तर तो थर दर वेळी जळून जातो. खेळाच्या पेटीत पाच व्होल्टवर काही मिलिअॅम्पियर किंवा त्याहूनही कमी प्रवाह असतो. तो थर भेदण्याइतके बळ त्याच्या अंगी नसते. ह्यासाठी सुवर्णमिश्रित सांध्याचे, ०.१ अॅम्पियर इतकी अल्प मर्यादा छापलेले खटके मिळतात. आकडा लहान म्हणून आपण ते नाकारतो; वस्तुतः ह्या कामास तेच योग्य. ते बसविल्यापासून ती कळ दोन पावसाळे बोलती राहिली आहे. अधिक क्षमता म्हणजे अधिक योग्यता नव्हे, हे चार व आठ दिशांच्या प्रश्नात दिसलेले तत्त्व येथे धातूच्या पातळीवर पुन्हा प्रत्ययास आले.

लाकडाबाबतही हीच दक्षता हवी. साधे प्लायवुड ओलाव्याने फुगते, छिद्रे आवळतात आणि कळा खाली अडकून बसतात. भारतीय मानक ७१० प्रमाणे केलेले ‘मरीन’ प्लायवुड घ्यावे, छिद्रांच्या आतील कडांनाही रोगण द्यावे, पेटीची मागची फळी जाळीची ठेवावी. फळीच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या बदलत राहाव्या.

८. विलंबाचा प्रश्न आणि आपली प्रयोगशाळा

खटका व संगणक ह्यांच्यामध्ये निरोप पोहोचविणारा एक छोटा विद्युत्‌फलक असतो. ह्या खेळांत पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलते. म्हणजे एका चित्राचे आयुष्य सुमारे १६.७ मिलिसेकंद. विद्युत्‌फलकाने लावलेला विलंब ह्या मापाने मोजावा. काही फलक संगणकाच्या साध्या कळफलकाच्या जाळीवर आधारलेले असतात; त्यांत तीन-चार कळा एकदम दाबल्यास न दाबलेल्या कळेचा निरोप जातो किंवा दाबलेल्या कळेचा निरोप गळतो. प्रत्येक खटक्यास स्वतंत्र तार असलेला फलक घेतल्यास ही आपत्ती टळते. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. विलंब नेहमी सारखाच असेल तर हात काही दिवसांत त्यास सरावतो. तो कधी कमी, कधी अधिक असेल तर कोणताही सराव उपयोगी पडत नाही.

हा भेद आपल्या विभागाच्या कामाशी निगडित असल्याने त्याचा येथे विशेष निर्देश करीत आहे. शब्दनिर्णयाच्या कसोटीत पडद्यावर अक्षरसमूह दाखवून तो मराठी शब्द आहे की नाही हे दोनांपैकी एक कळ दाबून सांगावयाचे असते, आणि त्यास लागलेला वेळ मोजला जातो. ज्या फरकांवरून आपण निष्कर्ष काढतो ते पुष्कळदा काही दशक मिलिसेकंदांचेच असतात. संगणकाचा साधा कळफलक बहुधा दर आठ मिलिसेकंदांनी एकदा तपासला जातो. त्यामुळे मोजणीत तितकी अनिश्चितता मुळातच शिरते. सारखा विलंब दोन्ही बाजूंस असल्यास वजाबाकीत तो नाहीसा होतो. अनियमित विलंब मात्र मोजणीत विखुरतो आणि लहान फरकास झाकून टाकतो. त्याहून घातक प्रकार म्हणजे ‘होय’ची कळ हलकी व ‘नाही’ची जड असणे. तेथे स्प्रिंगमधील फरक मनाच्या व्यापारातील फरक म्हणून प्रबंधात नोंदला जाण्याचा संभव आहे. खेळयंत्राच्या कळा स्वस्त, टिकाऊ व बदलण्यास सोप्या असल्याने प्रयोगासाठी त्यांची जोडी वापरणे चांगले. परंतु दोन्ही एकाच बनावटीच्या असाव्या, आणि अर्ध्या प्रयुक्तांसाठी ‘होय’ची बाजू पालटावी.

९. निवडीचा क्रम

वरील विवेचनाचा व्यवहारातील सारांश असा. प्रथम दांडी पाहू नये. प्रथम खेळांची यादी करावी. खरोखर खेळले जाणारे दहा-बारा खेळ कागदावर मांडून प्रत्येकापुढे त्यास लागणाऱ्या दिशा व कळा लिहाव्या. बहुतेक खेळ चार दिशांचे असतील तर चार दिशांची दांडी घ्यावी आणि उरलेल्यांचा मोह सोडावा. मुस्तफा व लढाईचे खेळ हवे असतील तर आठ दिशांची चौरस चौकटीची दांडी व दोन ओळींत सहा कळा घ्याव्या. दोन्ही प्रकार हवेच असतील तर चौकट फिरविता येणारी दांडी घ्यावी, किंवा फळीच्या मध्यभागी चार दिशांची एक वेगळी दांडी बसवावी. त्यानंतर मुठीची धाटणी हातास विचारून ठरवावी. शेवटी खटका हवेस विचारून ठरवावा.

पार्लर बंद झाले, त्यांतील यंत्रे भंगारात गेली. खेळांच्या आज्ञावली मात्र जशाच्या तशा सुरक्षित राहिल्या आहेत, आणि त्यामुळे ते खेळही सुरक्षित आहेत अशी आपली समजूत होते. ती अर्धीच खरी आहे. खेळ पडद्यावर जितका असतो तितकाच तो हातात असतो. वळणाच्या किंचित आधी दांडी वळविणे, दोन झटक्यांमध्ये तिला मध्यावर येऊ देणे, दोन कळा एकाच क्षणी दाबणे, ही त्या खेळाची बोली होय, आणि ती कोठेही लिहून ठेवलेली नाही. चुकीची दांडी बसविलेल्या पेटीवर शिकणारे मूल खेळ शिकेल, पण ही बोली शिकणार नाही. आणि आपला हात चुकतो आहे असेच त्यास वाटत राहील. म्हणून घरी पेटी करणाऱ्याने पडद्यावर खर्च करण्यापूर्वी दांडीचा विचार करावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.